ब्रीड कोणती? सह्याद्री!

वीकएण्डला ट्रेकला यायला ग्रुपमधलं कुणीच तयार नसतं ना? पहाटे पाचला उठणारा, चढावर 'अजून किती राहिलं' असं एकदाही न विचारणारा, फोटोसाठी दर दहा मिनिटांनी न थांबणारा एक पार्टनर रस्त्यावरच तुमची वाट बघत असतो. फक्त त्याला पाय चार असतात, आणि त्याची जबाबदारी चांगली बारा-चौदा वर्षांची असते!

रविवारी सकाळी साडेसहाला आतकरवाडीत जाऊन उभं राहा. अख्खं पुणं सिंहगडाच्या पायवाटेला लागलेलं दिसेल. दर रविवारी न चुकता चढणारे सत्तरीतले आजोबा (आणि ते हे तुम्हाला न विचारता सांगणार!). कंपनीचे टी-शर्ट घातलेले आयटीवाले. कोऱ्या करकरीत शूजमधलं, पहिल्याच चढाला धापा टाकणारं कपल. हिमालयातल्या मोहिमेची तयारी म्हणून पाठीवर पाण्याचे कॅन बांधून चढणारे सीरियस लोक. आणि हल्ली, कुत्रेवाले. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, क्वचित एखादा बिचारा हस्की... ज्याचे पूर्वज सायबेरियात बर्फावर गाड्या ओढायचे आणि ज्याला आता भर मार्चमध्ये सिंहगड चढायला लावलंय.

या गर्दीत आम्हीही असतो. मी आणि फुटाणा. तांबूस-पिवळा रंग, एक कान कायम उभा, दुसरा मूड असेल तसा, शेपटी वळवून पाठीवर ठेवलेली, वजन अठरा किलो. पहिल्या टप्प्याला कुणी ना कुणी थांबतंच.

"सो क्यूट! ब्रीड कोणती?"

"गावठी."

"हो, पण मिक्स असेल ना कशाचं तरी?"

पूर्वी मी लेक्चर द्यायचे. की बाबा, हा आपला देशी कुत्रा, माणसाने हट्टाने घडवलेला नाही, इथल्या उन्हापावसाने घडवलेला आहे, वगैरे. हल्ली मी एकच शब्द सांगते, "सह्याद्री." बऱ्याच जणांना ते लगेच पटतं. एकाने तर स्पेलिंग विचारलं!

चार पानी फॉर्म

जानेवारी २०२१. मास कॉमची डिग्री ताजी, कामं तुरळक, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मैत्रिणीला पिल्लू दत्तक घ्यायचं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर एका अॅडॉप्शन कॅम्पला गेले होते. पिल्लं दुपारी बारापर्यंत संपली. अक्षरशः संपली, सेलमधल्या कुर्त्यांसारखी. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात मात्र एक साधारण वर्षाचा कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. खरजेतून नुकताच उठलेला, त्यामुळे अंगावर निम्मेच केस. पाठीवर वीतभर लांबीचा जुना व्रण.

कार्यकर्ती म्हणाली, "बांधकामाच्या साइटवर साखळीला बांधलेला सापडला. फार मारलंय त्याला. काठी दिसली की जागेवरच सू करतो. याला कोण नेणार?"

मग मला चार पानी फॉर्म मिळाला. घर स्वतःचं की भाड्याचं? लग्न ठरलं तर कुत्र्याचं काय? नोकरीसाठी शहर बदललं तर? तुम्ही आजारी पडलात तर कोण फिरवणार? माझ्या लग्नाबद्दल माझ्या आईनेही इतके प्रश्न विचारलेले नाहीत. पण मला तो फॉर्म आवडला. लॉकडाउनमध्ये घरात कंटाळलेल्या कितीतरी लोकांनी कुत्री आणली आणि ऑफिस सुरू झाल्यावर 'टाइम मिळत नाही हो' म्हणत परत केली. तो फॉर्म म्हणजे या लोकांसाठी लावलेली चाळणी होती.

नाव फुटाणा ठेवलं ते रंगावरून. उड्या मारायला लागल्यावर ते जास्तच शोभलं, पण त्याला वेळ होता. पहिले दीड महिने तो माझ्या पलंगाखाली राहिला.

काठी

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. रेस्क्यू केलेला कुत्रा घरी आणला आणि पुढच्या रविवारी गडावर नेला, असं फिल्मी काही होत नसतं. आधी लशी, आधी नसबंदी, आधी रक्ताची तपासणी. हाडांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर मोठे चढ-उतार नकोत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तो जगाला किती घाबरतो हे आधी कळायला हवं.

फुटाण्याच्या बाबतीत जग म्हणजे काठी. आता गंमत बघा. पुण्यात कुत्रा फिरवायची सगळ्यात भारी जागा कुठली? टेकडी. आणि टेकडीवर सकाळी सगळ्यात जास्त काय दिसतं? काठी घेतलेले काका! वेताळ टेकडीवर पहिल्या दिवशी समोरून एक काका आले, हातातली काठी मजेत फिरवत. फुटाणा जमिनीला चिकटला. पोट टेकलेलं, डोळे मिटलेले. काका बिचारे कावरेबावरे झाले. "मी काही नाही केलं हो त्याला," म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय साधा होता, पण सावकाश. घरात एक काठी आडवी टाकून ठेवायची, लांब, दरवाज्याजवळ. तो जेवायला लागला की रोज ती वीतभर जवळ सरकवायची. जेवणं थांबवलं, की वीतभर मागे. मग काठी उभी. मग काठी माझ्या हातात, पण स्थिर. मग हलणारी. प्रत्येक पायरीला उकडलेल्या चिकन लिव्हरचा तुकडा. घाई केली की दोन आठवडे मागे. टेकडीवर काठीवाले काका दिसले की आम्ही वाटेवरून पंधरा पावलं बाजूला जायचो, ते जाईपर्यंत लिव्हर चालू. चार महिन्यांनी तो बसल्या जागी थरथरायचा, पण बसून राहायचा.

आणि ट्रेकर लोकांच्या हातात काय असतं? ट्रेकिंग पोल. चकचकीत, टोकदार, टकटक वाजणारे. म्हणजे अख्खा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही पहिल्यांदा सिंहगड चढलो. वर पोचायला पावणेतीन तास लागले. अर्ध्या वाटेवर ताक विकणाऱ्या मावशींपाशी तो आपणहून थांबला आणि त्यांच्या बाकाखाली जाऊन बसला. मावशी म्हणाल्या, "बसू दे गं पोरी, त्याचं काय वजं हाय का मला!" तेव्हापासून तो बाक त्याचा. आजही तिथे थांबल्याशिवाय साहेब पुढे जात नाहीत.

उन्हाशी मस्करी नको

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी मदार धापेवर. म्हणून तुम्हाला 'थोडंसं गरम होतंय' वाटतं तेव्हा त्याची अवस्था कितीतरी वाईट असते. त्यात आपला सह्याद्री म्हणजे काळा कातळ. मार्च ते मे सकाळी दहानंतर तो असा तापतो की पंजे भाजतात. सोपी टेस्ट आहे. तळहाताची मागची बाजू दगडावर ठेवा. पाच-सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्यालाही चालवू नका.

गेल्या काही वर्षांत मी पाहिलेला सगळ्यात भयानक प्रकार एका एप्रिलमधला. साडेनऊ वाजले होते, आम्ही उतरत होतो. एक तरुण जोडपं एका पगला घेऊन वर येत होतं. पग, म्हणजे जाहिरातीतला तो चपट्या नाकाचा. या कुत्र्यांना सपाटीवर, पंख्याखालीसुद्धा धड श्वास घेता येत नाही! तो वाटेतच आडवा झाला. जीभ रुंद पसरलेली, हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ चिकट. मुलगी रडायला लागली. आमच्याकडचं दोन लिटर पाणी आम्ही त्याच्या पोटावर, मांड्यांमध्ये, पंजांवर ओतलं, टोपीने वारा घातला. ताकवाल्या मावशींनी कळशी दिली. तोंडात पाणी जबरदस्तीने ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. मग त्या मुलाने त्याला ओल्या टॉवेलमध्ये धरून धावत खाली नेलं, गाडीचा एसी लावून थेट दवाखान्यात. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, वाचला. कुत्र्याचं नॉर्मल टेम्परेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. दवाखान्यात पोचला तेव्हा तो १०५.८ होता.

आमचा नियम आता ठरलेला आहे. होळीनंतर गड बंद. त्या दिवसांत फक्त पहाटेची टेकडी, किंवा पौर्णिमेच्या आसपास रात्रीची चाल. आणि पाणी? एरवी दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिली पुरतं, चढावर त्याहून बरंच जास्त. म्हणजे अठरा किलोच्या फुटाण्यासाठी मी दोन लिटर वेगळं नेते. हो, माझ्या पाठीवर. त्याच्या नाही.

सिंहगडावर पोचल्यावर पुढचा धोका. तुम्हाला हसू येईल, पण धोका म्हणजे कांदाभजी! कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवला-तळला तरी. 'एकच खाऊ द्या ना' म्हणणारे प्रेमळ लोक प्रत्येक टपरीवर असतात. तसंच आपल्या ट्रेकच्या सुक्या मेव्यातले मनुके, ते किडनीवर जातात. चॉकलेटचं तर विचारूच नका. फुटाण्यासाठी मी उकडलेली अंडी आणि भाताचे मुटके नेते. पिठलं-भाकरीतली नुसती भाकरी चालते. पिठल्यात कांदा-लसूण असतो, म्हणून ते माझं.

गोचीड नावाचा गुंड

पावसाळा संपला की गडांवर सोनकी फुलते, सगळं जग फोटो काढायला धावतं, आणि गवतात गोचिडांची पार्टी सुरू होते. वाघ-बिबट्यांची भीती घालणारे लोक गोचिडाबद्दल बोलत नाहीत. पण माझ्या ओळखीतली कुत्री गेली ती गोचिडामुळेच.

२०२२ च्या दिवाळीनंतर फुटाण्याने एका सकाळी अंडं नाकारलं. ज्याने आजवर खडूसुद्धा नाकारला नाही, त्याने अंडं! हिरड्या बघितल्या तर फिकट. अंग तापलेलं. त्याच दुपारी रक्त तपासलं. टिक फीव्हर. गोचिडाच्या चाव्यातून एर्लिकिया किंवा बबेसिया नावाचे जंतू शरीरात जातात. एर्लिकियामध्ये प्लेटलेट्स उतरतात, नाकातून रक्त यायला लागतं, आणि उशीर झाला तर खेळ खलास. आमचं एर्लिकियावर निभावलं. अठ्ठावीस दिवस गोळ्या. पहिले चार दिवस सलाइन. त्या चार रात्री मी एका बँकेच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करत त्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते. बिलासाठी ते काम हवंच होतं. पाचव्या दिवशी त्याने माझ्या ताटातलं पापलेट पळवलं. मी ओरडले नाही.

त्यानंतर गोचिडांची गोळी महिन्याच्या तारखेला, क्रेडिट कार्डाच्या बिलासारखी. आणि ट्रेकहून आल्यावर अर्धा तास झडती. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली. सापडला की चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचा. रॉकेल, काडेपेटी, तेल वगैरे घरगुती शौर्य नको.

झडतीत दुसरी गोष्ट शोधायची ती कुसळं. ऑक्टोबरपासून गवत वाळलं की ती मोज्यात घुसून आपला जीव खातात, ठाऊकच आहे. कुत्र्याच्या बोटांमधून किंवा कानातून ती आत शिरतात आणि बाणासारखी पुढेपुढेच जातात, मागे येत नाहीत. मग गळू, मग भूल देऊन ऑपरेशन. दोन मिनिटांचा कंगवा परवडला. पावसाळ्यातल्या डबक्यांचं पाणीही पिऊ द्यायचं नाही. लेप्टोचा धोका असतो, आणि तो आपल्यालाही होतो.

राजमाचीची रात्र

डिसेंबर २०२३. लोणावळ्याहून राजमाची. जवळजवळ सपाट, सोळा किलोमीटरची मस्त चाल. फुटाण्याचा हा सगळ्यात आवडता ट्रेक, कारण वाटेत झाडी आहे, पाणी आहे आणि शेवटी उधेवाडीत गरम भाकरी आहे. आम्ही चौघं आणि तो. श्रीवर्धन बघून झाला, मनरंजन दुसऱ्या दिवशी करायचा होता. रात्री नऊच्या सुमाराला अंगणात जेवत होतो आणि अचानक जवळच फटाक्यांची माळ सुरू झाली. लग्नसराईचे दिवस!

फुटाणा उसळला. हार्नेसचं प्लॅस्टिकचं बक्कल कट्कन तुटलं, आणि एका सेकंदात तो अंधारात गेला.

हाका मारत मागे धावायचं नाही, हे आम्हाला माहीत होतं. घाबरलेल्या कुत्र्याला मागून येणारी पावलं म्हणजे शिकारीच वाटतात. तरी पाय थांबवणं किती कठीण असतं, ते त्या रात्री कळलं. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते दादा दोन पोरांना घेऊन बॅटरी लावून निघाले. मी माझा दिवसभर घातलेला टी-शर्ट अंगणाच्या कडेला टाकला, शेजारी त्याचं पाण्याचं भांडं ठेवलं आणि तिथेच स्लीपिंग बॅग टाकून पडले.

झोप कसली येतेय. बिबट्या डोक्यातून जाईना. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास करून २०१६ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ ३९ टक्के. एका लेखासाठी मी तो पेपर वाचला होता. ते आकडे रात्री दोन वाजता आठवायला नको होते. घरातल्या वहिनी एकदा उठून बाहेर आल्या, माझ्या अंगावर घोंगडी टाकली, आणि एवढंच म्हणाल्या, "खंडोबाचं जनावर हाय, तो बघंल." खंडोबाबरोबर कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. मी देवभोळी नाही, पण त्या रात्री मला ते आवडलं.

सकाळी साडेसहाला एक पोरगा धावत आला. गावाच्या जरा खाली एका झापावर 'पिवळं कुत्रं' बसलंय म्हणाला. आम्ही गेलो. एक म्हातारे बाबा गोठ्यापाशी शेकत बसले होते. मांडीवर आडवी, चांगली पाच फुटी काठी. आणि काठीपासून दोन हातांवर, दोन गाईंच्या मध्ये, शेणात बरबटलेला फुटाणा!

"रातीपासून हितंच हाय," बाबा म्हणाले. "येऊन गाईमधी घुसलं. मी म्हनलं ऱ्हाऊ दे, वाघरू फिरतंय. तुमचं व्हय?"

मी काठीकडे बघत राहिले. बाबांना वाटलं मला बसायचंय, त्यांनी काठी बाजूला सरकवली आणि घोंगडीची जागा मोकळी केली. फुटाण्याने काठीकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्या खिशाकडे.

ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, वा, म्हणजे बरा झाला! नाही हो. पुढच्याच महिन्यात तिकोन्यावर नारिंगी पोलवाला एक ग्रुप समोरून आला आणि तो पुन्हा जमिनीला चिकटला. बाबांची काठी चालते. टेकडीवरच्या दोन काकांची चालते. बाकीच्यांचं त्यांच्यावर आणि त्या दिवसावर अवलंबून. हार्नेसला मात्र आता धातूची बक्कलं आहेत, शिवाय वेगळा कॉलर, त्यावर फोन नंबर. आणि दोन्हीला दोन वेगळे पट्टे.

कुठे न्यायचं नाही

आता जरा नावडता विषय. सगळे गड कुत्र्यांसाठी नाहीत, आणि असूही नयेत. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर. प्रत्येक ट्रेकरला तिथे आपल्या कुत्र्याबरोबर फोटो हवा असतो. पण तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. भीमाशंकरही अभयारण्य आहे, तिथे शेकरू आहे. पाळीव कुत्र्यामुळे जंगली प्राणी बिथरतात हा एक भाग. दुसरा भाग आजारांचा. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये २३ सिंह मेले आणि काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जो कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. त्यामुळे लस दिलेली असो वा नसो, अभयारण्यात फुटाणा येत नाही. शिवाय कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, त्यावरून अठरा किलो उचलून न्यायची माझी ताकद नाही.

रायगड, शिवनेरी, लोहगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि संरक्षित स्मारकात प्राणी आणायला नियमाने मनाई आहे. कुणी अडवत नाही म्हणून चालतं, हा फंडा मला पटत नाही. रायगडावर वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे हे तुम्हाला माहीत असेलच. १९३६ मध्ये बांधलेलं, २०१२ मध्ये उखडून पुन्हा बसवलेलं, २०२५ मध्ये ते हटवण्याच्या मागणीवरून पुन्हा पेटलेलं. वाघ्या इतिहासात होता याला पुरावा नाही असं अनेक अभ्यासक म्हणतात. त्या वादात मी पडत नाही. फुटाण्यालाही त्यात रस नाही.

जाण्यायेण्याचाही प्रश्न असतोच. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे तरी हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मी त्याला घालणार नाही. म्हणून आमचा ट्रेक ठरतो तो कुणाच्या कारमध्ये जागा आहे त्यावर.

आणि गावातली कुत्री. पायथ्याच्या प्रत्येक गावात एक 'गाइड' असतो, जो बिस्किटाच्या एका पुड्यावर तुम्हाला गडमाथ्यापर्यंत सोडून परत आणतो. भन्नाट जमात आहे ती! पण कृपा करून त्यांना दुसऱ्या बाजूच्या गावात उतरवू नका. कात्रज ते सिंहगडसारख्या लांब चालीत हे हमखास होतं. एका गावचा कुत्रा दुसऱ्या गावाच्या हद्दीत पोचतो, तिथली टोळी त्याला फाडते, आणि तुम्ही तोवर घरी अंघोळ करत असता. आपला कुत्रा असेल तर गावात शिरण्याआधी पट्टा आखूड. कोंबड्या, करडं दिसली तर आणखी आखूड. काही नुकसान झालंच तर सांगतील ते पैसे द्यायचे, घासाघीस नको. चावा झाला, मग तो तुम्हाला असो वा त्याला, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय नाही.

घर की कुत्रा?

गेल्या पाच वर्षांत आमची तीन घरं झाली. दुसऱ्या घराच्या मालकांनी अकरा महिने संपताना शांतपणे सांगितलं, "तू राहा, हा नको." ते वाईट नव्हते, लिफ्टमधल्या तक्रारींना कंटाळले होते. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. कमिटीला मी ते छापून दिलं, त्यांनी ते वाचून परतही केलं. पण भाड्याच्या घरात मालकाच्या 'नको'पुढे आपलं काय चालणार? सव्वीस फ्लॅट बघितले. 'बॅचलर मुलगी' आणि 'कुत्रा' ही दोन वाक्यं एका फोनमध्ये म्हणायची म्हणजे ब्रोकर हसतातच. रूममेटने स्वतंत्र जागा घेतली, मला तिचा राग आला नाही. सत्ताविसावा फ्लॅट वारज्याच्या पुढे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मालक आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्याला लायसन्स आहे का?" महापालिकेचं लायसन्स, रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट, सगळं फाइलमध्ये होतं. आजोबांनी फाइल उघडलीही नाही. फाइल आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं!

हे लिहायचं कारण असं, की सध्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं नक्की काय करायचं यावर घराघरात भांडणं आहेत. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातले कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं, २२ तारखेला तो आदेश बदलला, मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, बसस्टॅण्ड, रेल्वे स्टेशनच्या आवारातले कुत्रे हलवून परत तिथे न सोडण्याचे आदेश दिले. ज्यांच्या पोराला कुत्रा चावलाय त्यांची भीती खरी आहे, त्यांना 'तुम्ही क्रूर आहात' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण शेल्टर म्हणजे काय, ते मी फुटाण्याच्या पिंजऱ्यात पाहिलंय. भिंतीकडे तोंड करून बसलेला कुत्रा. प्रत्येकाला घर मिळणार नाही, ठीक आहे. पण दुकानातून चाळीस हजारांचा हस्की आणणाऱ्याने एकदा त्या पिंजऱ्यापाशी दहा मिनिटं उभं राहावं, एवढं म्हणायला काय हरकत आहे?

आणि कुवतीचीच शंका असेल तर ऐका. २०१३ मध्ये लेहच्या कचऱ्याच्या ढिगात सापडलेला रुपी नावाचा कुत्रा एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत जाऊन आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेरा नावाची नेपाळमधली भटकी कुत्री गिर्यारोहकांच्या मागोमाग बारुन्त्से चढली. ७,१२९ मीटर! तिला ब्रीड कुणी विचारली नसावी.

फुटाणा आता सहा वर्षांचा आहे. डॉक्टरांनी गेल्या तपासणीत मागचे गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, चढू दे, पण उतरताना सांभाळ, उड्या कमी. म्हणून आता कातळाच्या टप्प्यांवर मी त्याला हार्नेसच्या हॅण्डलने धरून खाली घेते. त्याला ते अजिबात मान्य नाही. या रविवारी तुंगला जायचंय, चढ छोटा आहे पण शेवटचा टप्पा उभा. कारमध्ये एक सीट रिकामी आहे. पोल आणणार असाल तर काळे आणा, नारिंगी नकोत.